सत्तावीस नंबरची बोअर

वस्तीतल्या बोअरच्या पाण्याचे अहवाल आमच्या प्रयोगशाळेतून कार्यालयात जात आणि तिथल्या कपाटात पडून राहत. पाणी पिणाऱ्यांना त्यातलं काहीच कळत नसे. म्हणून साहेबांची परवानगी काढून, पन्नाशीत, मी वेबसाइट करायला शिकले. एकच पान. चाळीस बोअर, प्रत्येकीचा नंबर, तिच्या पाण्यातलं नायट्रेट. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. खाली वाचकांना लिहायला एक चौकट.

रकाने सरळ येतात का ते पाहायला मी सगळीकडे १० भरले होते. नमुने तपासून होतील तसे खरे आकडे घालत गेले. चोवीस झाले तेव्हा पान चालू केलं. उरलेले सोळा येणारच होते.

"किती वाचक झाले?" नवऱ्याने विचारलं.

"सहा."

"त्यातले तीन मी. चष्मा विसरून दोनदा उघडलं."

आठव्या दिवशी पहिला संदेश आला. "ताई, आमची बोअर २७ नंबर. १० लिहिलंय म्हणजे चांगलं ना? बाळ दीड महिन्याचं आहे. मला दूध येत नाही, पावडरचं देते. आत्तापर्यंत त्यासाठी विकतचं पाणी आणत होतो."

मी पान उघडून खात्री केली. १० होते. प्रयोगशाळेत कुणी आकडा सांगितला की मी आधी नोंदवही मागते. हा आकडा माझ्याच पानावर होता, म्हणून मागितली नाही. लिहिलं, "निर्धास्त वापरा." आणि ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी उरलेल्या सोळांतली पहिली बाटली माझ्या टेबलावर आली, २७ नंबरची. लेबल वाचलं आणि हात थांबला. हे पाणी मी आज पहिल्यांदाच तपासत होते.

आकडा आला १४१. नमुना पातळ करून पुन्हा तपासला. १३९.

मोठ्या माणसाला एवढं सहसा जाणवत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. बाळ निळं पडतं.

संदेश पाठवला, उत्तर नाही. तशीच निघाले. बोअरसमोरच्या घराचं दार सासूने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिने आत हाक मारली, "अगं, तुझ्या पाण्याच्या ताई आल्यात."

सून भिंतीला टेकून बसली होती. खिडकीत दुधाच्या तीन बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"बसा, ताई. बाळ गेलं शुक्रवारी. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मतःच काही असेल." मग म्हणाली, "तुम्ही मात्र लगेच उत्तर दिलंत. एवढं कोण करतं?"

"वीस-वीस मिनिटं पाणी उकळायचो आम्ही," सासू म्हणाली. "कसर ठेवली नाही."

उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते वाढतं.

मला गप्प राहता आलं असतं. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी आधीच दिलं होतं आणि नोंदवही माझ्याकडे होती.

"तो आकडा खरा नव्हता," मी म्हणाले. "रकाने बघायला घातला होता. तुमचं पाणी मी आज तपासलं. ते वाईट आहे. बाळ बहुतेक त्यानेच गेलं."

"म्हणजे तेव्हा तपासलंच नव्हतं?"

"नाही."

"मग मला हो कशाला म्हणालात?"

"पानावर १० होते म्हणून."

"पान तुमचंच ना?"

सासू उठली. "चालत्या व्हा आधी इथून. शिकल्यासवरल्या म्हणे!"

"थांबा हो, आत्या." सून माझ्याकडेच बघत होती. "असे आणखी किती आहेत?"

"पंधरा. पंचवीसपासून पुढच्या सगळ्या."

ती भिंतीला धरून उठली. पायात चप्पल सरकवली. "सव्वीसवालीला मीच सांगितलं होतं पान बघायला. तिची तीन महिन्यांची आहे."

सव्वीसवालीचं घर चार दारं सोडून होतं. कडी तिनेच वाजवली. आतून पावलं जवळ आली तशी ती बाजूला सरकली आणि मला पुढे केलं.

"सांगा," ती म्हणाली. "माझ्या बाळाचंही सांगा."