गंजलेल्या कळा

लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी भिंगरीचा पाय घरात ठरत नव्हता. हे नाव त्याला थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं, साठी उलटली तरी चिकटून होतं. हल्ली तर भरल्या ताटावरूनही त्याला मधेच उठावंसं वाटे. ताई त्याच्याच घरात, पलीकडच्या खोलीत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

बोलणार कशी? घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हा त्यानं तिला आपल्याकडे आणलं. हाताला कंप, त्यामुळे कागदावर नुसत्या रेघोट्या. फोनच्या काचेवर बोट नीट टेकायच्या आत चार भलतीच अक्षरं उमटत. शेवटी तिनं दोन्हींचा नाद सोडला. इथंच राहशील ना, असं त्यानं विचारलं तेव्हा तिची मान हलली. त्यानं ते हो धरलं आणि तिच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडत असल्याचं घरमालकिणीला कळवूनही टाकलं.

त्या खोल्या आवरताना मोरीवरच्या माळ्यावर कीबोर्ड सापडला. ताईनं कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलं होतं, तिथूनच मोडीत निघालेला. विटेसारखा जड, गळक्या टाकीखाली राहून तांबूस गंज चढलेला. बायकोनं भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवलं. भिंगरीनं सहज एक कळ दाबली. ती अडली, जोर दिल्यावर खटकन खाली गेली. एवढी कडक कळ नुसत्या थरथरीनं दबायची नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कीबोर्ड बगलेत मारला.

स्क्रू तेलात भिजवून सोडवायला एक अख्खी सकाळ गेली. कळांवरच्या टोप्या उपटून साबणाच्या पाण्यात टाकल्या. आतला पत्रा व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशनं घासला. मग एकेका कळीच्या पोटात स्पिरिट सोडून ती शंभरदा दाबायची. मधेच तो उठे, चहाचं आधण ठेवे, ते विसरून ताईच्या दाराशी जाई, आत डोकावून परत येई.

"अहो, तुम्हाला नक्की कसली घाई आहे?" बायकोनं विचारलं.

तो पुढची कळ दाबू लागला. ताईनं एकदा 'इथं बरं वाटतंय' असं लिहिलं म्हणजे सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

पाच कळा मेल्या त्या मेल्याच. कोपऱ्यातल्या, कुणी वापरत नाही अशा पाच काढून त्यानं त्यांच्या जागी सोल्डर करून बसवल्या. वायरचं जुनं तोंड घरातल्या संगणकाला बसेना, तेव्हा दुकानातून जोडणी आणली. ताईच्या बोटांना पाठ असलेली अक्षरांची मांडणी लावली आणि कीबोर्ड तिच्यापुढे ठेवला.

ताईनं आधी नुसता हात फिरवला. मग खट, खट, पडद्यावर सावकाश अक्षरं उमटू लागली.

'मान हलवली ती नाही म्हणून. माझ्या खोल्या सोडू नकोस.'

"ताई, मी कळवून बसलोय."

'मग परत कळव.'

"इथं काय कमी पडलं तुला?"

'काही नाही. तू सारखा दारात येऊन बघतोस. मला झोप लागत नाही.'

भिंगरी तसाच चपला घालून निघाला. घरमालकिणीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, कारण खोल्या एका शिक्षिकेला कबूल केलेल्या. त्यानं त्या बाईंचं घर गाठून माफी मागितली आणि त्यांना दुसरी जागा मिळेपर्यंत चार दिवस गावभर वणवण केली.

ताई कीबोर्ड आणि संगणक घेऊन आपल्या घरी परतली. पहिल्या रविवारी तो गेला तेव्हा ती कोर्टातल्या जुन्या मैत्रिणीला पत्र लिहीत होती. बरंच लांब चाललं होतं. तिनं मानेनंच त्याला खुर्ची दाखवली. तो जेमतेम टेकला, उठला आणि कुरकुरणाऱ्या खिडकीला तेल घालू लागला. मागे कळांची खटखट चालूच होती.