म्हातारदेवाचं नाव

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा पश्चिमेचा.

मी घाटंजी तालुक्यातला एक डोंगर बोलतोय. लाव्हा थरावर थर साचत गेला आणि मी झालो. नकाशात आमच्या रांगेला अजिंठ्याचे डोंगर म्हणतात. अजिंठा मी पाहिलेला नाही.

माझं स्वतःचं नाव म्हातारदेव, पायथ्याच्या गावानं दिलेलं. पण सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तसं माझ्यासमोर ते कोणी घेत नाही. गुरं कुठं गेली विचारलं, तर म्हणतात, "बुवांच्या अंगावर." नाव घ्यायचंच झालं तर नाल्यापलीकडे जाऊन, माझ्याकडे पाठ करून. हा मान मला फार आवडायचा. ज्वारीची पहिली कणसं पायथ्याचा शेतकरी उकंडा दरवर्षी माझ्या माथ्यावर आणून ठेवतो.

आज रस्त्याच्या कामावरचे साहेब आले. घाटात फलक लावायचा होता. "या डोंगराचं नाव काय?"

प्रश्न उकंड्याला होता. त्याची बायको मथुराबाई पदर सावरत म्हणाली, "नाल्याच्या तिकडं चाला साहेब, तिथं सांगतो. इथं कसं घ्यावं? समोर बसून राह्यले ना ते!"

"कोण बसलंय?" साहेब हसले.

उकंडा-मथुराबाईचा लेक प्रफुल्ल पुढे झाला. वळणावर त्यानं चहाची नवी टपरी टाकली आहे. "सनसेट पॉइंट लिहा, साहेब. गाड्या थांबतीन."

"काहून रे? बापाचं नाव बदलते का कोणी?"

"बापाच्या नावानं चहा नाही खपत, माय."

साहेबांनी उकंड्याकडे पाहिलं. "बाबा, जुनं काही नाव आहे का?"

नाला समोरच होता. मला वाटलं, आता हा उठेल, तिकडे चालू लागेल. उकंड्यानं लेकाच्या टपरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही जी," तो म्हणाला.

परक्यांनी माझा साग तोडून नेला, मुरूम खणला. ते एवढं लागलं नव्हतं.

घाटातून जाणाऱ्यांनो, तुम्ही थांबाल, फोटो काढाल. काढा. पण चहा पिऊन झाला की मथुराबाईला विचारा. ती तुम्हाला नाल्यापलीकडे नेईल.

दुपारी साहेबांनी नोंद केली : सनसेट पॉइंट. स्थानिक नाव : नाही.