बंडप्पाचा पत्र्याचा पावा

आमच्या ह्यांच्या बासरीला मी चाळीस वर्षं नावं ठेवली, आणि ती बंद पडली तेव्हा सगळ्यात आधी डोळे पुसले तेही मीच. तव्यावरची भाकरी करपायला आली तरी ह्यांची तान संपायची नाही. नळाला पाणी आलंय, मोटर लावा, म्हणून ओरडावं तर हे डोळे मिटून बसलेले. पण दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनात ह्यांची बासरी सुरू झाली की बायकांच्या बाजूला मी अशी ताठ बसायचे, जणू मीच वाजवतेय.

दिवाळीनंतर ह्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि कवळी आली. कवळी झकास बसली, हसले की दहा वर्षांनी तरुण दिसायचे. पण आडव्या बासरीला ओठ लागतो तो दातांच्या आधारानं. जुन्या दातांवर पन्नास वर्षं बसलेला ओठ नव्या दातांवर काही केल्या बसेना. सूर निघायचा नाही, नुसता वारा. पाठमोरं बसून कवळी काढून बघितली तर ओठच आत जायचा. दोन महिने खटपट केली आणि एक दिवस बासरी फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली. सोमवारचं भजनही बंद केलं. का, तर म्हणे गुडघा दुखतो.

गुडघा कसला दुखतोय! ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला जायचं तरी इस्त्रीचा सदरा आणि मिशीला तेल. कवळी काढायची तीही भिंतीकडे तोंड करून. दात नसलेलं तोंड त्यांनी मला, बायकोला, एकदासुद्धा दिसू दिलं नव्हतं. असा माणूस चारचौघांत फुसफुस कशाला करून दाखवेल? दिवसभर ओसरीवर बसून राहायचे, बोलायचे नाहीत. घरात भाकरी वेळेवर व्हायला लागली आणि मला ती गोड लागेना.

ह्यांचे बालमित्र बंडप्पा. आमच्या मुरुम गावच्या बाजारात त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. डबे, नरसाळी, चाळण्या, धान्याच्या कोठ्या, सगळं हातानं करतात. त्यांची एक रीत आहे. डबा झाला की त्यात काठोकाठ पाणी भरायचं आणि खुंटीला टांगून ठेवायचं. थेंब जरी गळला तरी डबा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, पुन्हा भट्टीवर घ्यायचा, कथील ओतून जोड पुन्हा झाळायचा. कुठंही बारीकसं छिद्र दिसलं की बंडप्पांचा झाळायचा खिळा तापलाच म्हणून समजा.

एका दुपारी ते आमच्याकडे आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"शरणार्थी वहिनी," त्यांनी हात जोडून नमस्कार केला. "कुठं हाय आमचा सिद्राम?"

"बसलेत की ओसरीवर. मौन धरलंय."

बंडप्पांनी कागद सोडला. आत वीतभर लांबीची पत्र्याची नळी होती. तेलाच्या डब्याचा पत्रा, बाहेरून चकचकीत घासलेला. वर सहा भोकं, तोंडाशी लिंबाच्या लाकडाचं बूच, आणि बुचातून वारा जायला बारीक फट. जोड इतका साफ की बोट फिरवलं तरी कळू नये.

"मोबाइलवर बघितलं," बंडप्पा म्हणाले. "एक गोरा मानूस आसा पत्र्याचा पावा वाजवायलाता. आडवा धरायचा न्हाय, उभा धरायचा. व्हट बसवायची भानगडच न्हाय. नुसतं तोंडात धरून फुकायचं. मी म्हनलं, ही तर आपल्या सिद्रामाचं औषध हाय."

ह्यांनी पावा हातात घेतला, उलटासुलटा केला. बासरी गुंडाळून ठेवल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी दारात हात पुसत उभी राहिले. त्यांनी सहाही भोकांवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं, जोर लावून. तरी फुस्स. तिसऱ्यांदा गाल फुगवून, लाल होईस्तोवर फुंकलं. पलीकडून वारा आला तेवढाच.

त्यांनी पावा खाली ठेवला. "बंड्या, पाव्याचा दोष न्हाय रं," ते म्हणाले. "माझा वाराच गेला. आता पत्र्याची नळीबी वाजंना." आणि उठून आत गेले.

बंडप्पांचं तोंड एवढंसं झालं. चहासुद्धा न घेता ते गेले. मला मात्र राग आला. कुणाचा ते कळेना, पण आला. मी तो पावा उचलला आणि फुंकला.

फुस्स!

म्हटलं, हे बरं आहे. माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत, तरी वाजत नाही. म्हणजे खोट ह्यांच्यात नाही, ह्या नळीतच आहे.

मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे. पोरांना ओळीत उभं करायला शिट्टी फुंकून फुंकून माझं आयुष्य गेलं. ती प्लॅस्टिकची शिट्टी अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. ती काढली आणि पाव्याशेजारी ठेवली. शिट्टीला तोंडापासून बोटभर अंतरावर वरच्या अंगाला एक खिडकी असते, आणि खिडकीच्या कडेवर वारा आपटला की आवाज निघतो. पाव्याला ती खिडकीच नव्हती.

चपला घातल्या आणि तडक दुकानात गेले.

"अण्णा, मोबाइलवरच्या पाव्याला हितं वर एक फट हुती का?"

"हुती की," बंडप्पा म्हणाले.

"मग तुमी का न्हाय ठिवली?"

"वहिनी, ती फट नव्हती. त्या गोऱ्याचा जोड उसवला हुता. मला बघूनच कसंतरी झालं. एवढं चांगलं वाजिवतो मानूस, आन ह्याला कुनी झाळून दिलं न्हाय? मी म्हनलं, आपून तरी नीट करू."

मी कपाळावर हात मारला. मग शिट्टी त्यांच्या नाकासमोर धरून तिथंच फुंकली. समोरचा भुसारवाला बाहेर आला, सायकलवरून जाणारी दोन पोरं थांबली.

"ही बघा खिडकी. हितूनच वाजतंय. पाडा छिद्र."

"छिद्र?" बंडप्पांचा हात छातीवर गेला. "माझ्या हातानं? वहिनी, ती सहा भोकं पाडताना मला रातभर झोप न्हाय आली. आन आता सातवं?"

"अण्णा, मित्राला पाव्याची गरज हाय, का पानी ठिवायला डबा पायजेल?"

बंडप्पांनी शिट्टी मागून घेतली. तिची खिडकी डोळ्याला लावून बघितली, काडीनं मापली, मग छिन्नी घेतली. पत्र्याला पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटले होते, हे मी शपथेवर सांगते. मग खिडकीची कड कानशीनं घासून पातळ केली आणि पावा माझ्याकडे दिला. "तुमीच फुका. माझ्यानं बघवंना."

मी फुंकला. अगं बाई, काय तो आवाज! उंच, टोकदार, सगळ्या बाजारात घुमणारा. ह्यांच्या बासरीचा आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा मऊ. हा म्हणजे शाळा सुटल्यावर सुसाट पळणारी पोर. भुसारवाला म्हणाला, "आयला!" बंडप्पा मात्र खुदकन हसले आणि पाव्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी केलाय.

आता ह्यांना कसं सांगायचं? 'वाजतोय, घ्या' म्हटलं असतं तर ह्यांनी हातही लावला नसता. म्हणून मी घरी येऊन काही बोललेच नाही. अंगणात बाजेवर बसले आणि वाजवायला लागले. मला एक भजन तेवढं पाठ आहे, चाल सोपी आहे. तरी मी जितकं वाईट वाजवता येईल तितकं वाजवलं, आणि खरं सांगायचं तर त्यासाठी फार कष्ट घ्यावे लागले नाहीत.

पाच मिनिटं गेली. आतून खोकल्याचा आवाज आला. मी दुप्पट जोरात फुंकलं.

"अगं ए!" हे दारात. "तिसरं बोट उचल की! कान हायत का काय हायत तुला?"

"मला न्हाय येत. वाजतंय तसं वाजवालाले."

"वाजतंय तसं? भजनाची पार वाट लावालालीस. आन हिकडं."

पावा त्यांनी हिसकावूनच घेतला. फुंकला. स्वच्छ, सरळ सूर निघाला. मी पदर तोंडाला लावला, कारण मला हसू येत होतं आणि रडूही. त्यांनी दुसरा सूर घेतला, तिसरा घेतला, आणि मग मध्येच खट्ट झालं. मग खटखटखट. जोरानं फुंकलं की वरची कवळी सुटायची आणि पत्र्यावर आपटायची. सूर कमी, खटखट जास्त.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, खोलीत गेले आणि कडी लावली. मग एकदम ते भजन सुरू झालं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही खट्ट न होता. मी अंगणात उभ्याउभ्या ऐकलं. कवळी काढली होती ह्यांनी. बोळक्या तोंडात पावा घट्ट बसत होता. ओठ टेकवायचे नव्हते, फक्त मिटायचे होते.

पुढचे चार दिवस हेच चाललं. कडी लावून वाजवायचं, मग कवळी घालून बाहेर यायचं. शनिवारी बंडप्पा आले तरी ह्यांनी दार उघडलं नाही. खिडकीच्या गजातून पावा बाहेर आला आणि मागोमाग बोबडा आवाज, "बंड्या, तिसऱ्या भोकाचा सूर उतरतोय, भोक वर सरकीव!"

"आरं, दार तर उघड."

"न्हाय."

पण बंडप्पा खूश. बांबूत भोक चुकलं की बासरी फेकायची. पत्र्यात चुकलेलं झाळता येतं आणि शेजारी नवं पाडता येतं. छिद्र बुजवायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. दुकान ते खिडकी अशा पाच चकरा झाल्या आणि सहावीला आतून आवाज आला, "बास! आता बरोबर." बंडप्पांनी आनंदाच्या भरात परस्पर जाऊन भजनी मंडळाला सांगून टाकलं, सोमवारी सिद्रामप्पा येणार.

झालं! हे चिडले. "कुनी सांगितलं तुला? म्या न्हाय जानार." मला कारण माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. कवळी घालून वाजवलं तर खटखट, काढून वाजवलं तर सगळं गाव बघणार. मी सोमवारी संध्याकाळी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावला आणि काही न बोलता देवळात निघून गेले. जाताना महादेवाला म्हटलं, हे आले नाहीत तर ते आता कुठंच जायचे नाहीत, मला माझ्या माणसाचं ते ओसरीवरचं मुकं बसणं बघवणार नाही.

आरती झाल्यावर हे आले. मिशीला तेल, चेहरा कडक. पुरुषांच्या बाजूला पेटीवाल्याशेजारी बसले. मला वाटलं, जिंकलं. पण त्यांनी पावा तोंडाला लावला तो कवळीसकट. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला खट्ट झालं. मग खटखट, खटखट, टाळांच्या मधे मधे. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक तरणं पोरगं खाली मान घालून हसलं.

ह्यांनी पावा खाली घेतला. भजन थांबलं. बंडप्पा खांबाजवळ उभे होते, ते घामाघूम झाले. मला वाटलं, हे आता उठणार आणि घरी जाणार, आणि ह्यापुढं सगळं संपलं.

हे उठले खरे. पण दाराकडे गेले नाहीत. सरळ बायकांच्या बाजूला, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळं देऊळ बघत होतं. त्यांनी तोंडाकडे हात नेला, कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वरची आणि खालची, दोन्ही.

"शांभाळ," ते म्हणाले.

आणि हसले. त्यांचं ते बोळकं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. खरं सांगते, मला फार आवडलं. मघाचं तरणं पोरगं मोठ्यांदा हसलं, मग सगळेच हसले, आणि सगळ्यांत जास्त हे. मग जागेवर जाऊन बसले, पावा ओठांत धरला आणि वाजवायला लागले. त्या उंच सुराला टाळकऱ्यांची लय दुप्पट झाली. शेजारची कडूबाई माझ्या कानात म्हणाली, "ताई, हे तर पयल्यापेक्षा भारी वाजवालालेत." मी नेहमीसारखी ताठ बसले, पदराच्या गाठीत कवळी बांधून.

भजन संपल्यावर प्रसाद झाला. हे देवळाबाहेर पायऱ्यांवर उभे राहून अर्धा तास बोलत होते. पावा ह्याला दाखव, त्याला दाखव. वाटेत भुसारवाला भेटला, त्याच्याशी बोलले. दूधवाला भेटला, त्याच्याशी बोलले. बंडप्पांच्या पाठीवर थापा मारत, 'श' 'श' करत, मोकळ्या तोंडानं बोलत बोलत घरापर्यंत आले. कवळी माझ्या पदरातच होती. ती परत मागायची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही.