बसवंतरावांनी निवडलेले मेज

मित्रांनो, पूर्णेच्या कापूस कारखान्याच्या वखारीत एक जुने मेज पडलेले आहे. त्याच्यावर रिकामी पोती टाकलेली असतात. ते मेज म्हणजे मी. एके काळी मी याच कारखान्याच्या कचेरीत खिडकीजवळ उभे होते. माझी गोष्ट सांगायला बसले की मला आधी एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. तिच्यावाचून माझी अशी वेगळी गोष्टच नाही.

माझा जन्म किनवटच्या रानातल्या सागाचा. पूर्णेच्या आश्रुबा सुतारांनी माझ्या फळ्या दोन पावसाळे आडोशाला वाळवल्या आणि मगच त्यांना रंधा लावला. मी तयार झाले ते दिवस निजामाच्या राज्याचे होते. कारखान्याची नवी कचेरी नुकतीच बांधून झाली होती. तिच्यासाठी मेजे पसंत करायला कारखान्याचे मॅनेजर व्यंकटराव यांनी दोन कारकुनांना आश्रुबांच्या दुकानात पाठवले. एक होते बसवंतराव, मूळचे बोरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोलणे मोजके. दुसरे किशनराव, वयाने बरेच लहान आणि सदा हसतमुख.

दुकानात माझ्याशेजारी हैदराबादहून विकायला आलेली काही मेजे होती. ती आरशासारखी चमकत होती. मला तर अजून पॉलिशसुद्धा लागले नव्हते. किशनराव आत आले ते थेट त्या मेजांकडे गेले.

"बसवंतराव, हे बगा! लय झाक हाय. यात तोंड दिसायलंय."

"तोंड बगायला आरसा घेऊ," बसवंतराव म्हणाले. "मेजाला खालून हात लावा आधी."

त्यांनी त्या चमकत्या मेजाच्या पोटाखाली हात घातला. बोटे सावकाश फिरवली आणि एका जागी थांबवली. "हितं भोक हाय. मेण अन् भुसा भरून बुजवलंय." मग त्यांनी वरच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केले. आवाज बद्द आला. "लाकूड ओलं हाय. एक उन्हाळा गेला की फळी वाकती." त्यांनी खण ओढला, तो तिरपा येऊन अडकला.

मग ते माझ्याकडे वळले. मित्रांनो, त्यांचा तळवा माझ्यावरून फिरला तो स्पर्श मी विसरले नाही. त्यांनी माझे सांधे चाचपले, एक कोपरा दोन्ही हातांनी धरून मला गदागदा हलवले. मी हलले नाही. त्यांनी माझा खण नाकाजवळ नेऊन वास घेतला. "गाभ्याचा साग हाय. खिळा एक बी न्हाई. आश्रुबा, अशीच मेजं करा आमाला."

आश्रुबा खूश झाले. त्यांनी रंगाच्या दोन पट्ट्या पुढे धरल्या आणि कोणता रंग लावू म्हणून विचारले.

"लालसर बरा," बसवंतराव म्हणाले, आणि त्यांनी काळ्या पट्टीवर बोट ठेवले.

आश्रुबा गोंधळले. "हा तर काळा हाय की, राव."

"थट्टा करायलेत ते. लालच लावा," किशनराव झटकन म्हणाले. आश्रुबा हसत रंगाचा डबा आणायला आत गेले. तेव्हा किशनरावांनी हलक्या आवाजात विचारले, "बसवंतराव, तुमाला दिसत न्हाई का?"

बसवंतराव माझ्या कडेला धरून उभे होते. "उजेड दिसतोय. माणसाची सावली दिसतीय. अक्षर आता दिसत न्हाई. हैदराबादच्या डॉक्टरला दाखवलं. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणाले."

"कुणाला ठाऊक हाय?"

"घरात बायकोला, भागम्माला. आता तुमाला. दोन लेकी उजवायच्या हायेत, किशनराव. नोकरी गेली तर काय करू?"

किशनराव माझ्या दुसऱ्या कडेला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "कचेरीत आपलं मेज एकच ठेवू. मी वाचीन, तुमी सांगा."

आणि तसेच झाले. माझ्या एका बाजूला बसवंतराव, दुसऱ्या बाजूला किशनराव. किशनराव पुटपुटल्यासारखे आकडे वाचत. बसवंतराव डोळे मिटून मनातल्या मनात बेरीज करत आणि उत्तर सांगत. किशनराव ते लिहून काढत. कुठल्या गाडीवाल्याचा कापूस कधी आला, कुणाची रुई ओली निघाली, हे सगळे बसवंतरावांना तोंडपाठ असे. इतर कारकुनांना वाटे, या दोघांना पुटपुटत काम करायची खोड आहे.

व्यंकटरावांनी मात्र स्वतःच्या खोलीसाठी त्या चमकत्या मेजांतलेच एक आणले होते. पहिल्याच पावसात त्याचे खण फुगून बसले. पुढे पायांतून पिठासारखा भुसा पडू लागला. एक दिवस व्यंकटराव सगळ्यांच्या देखत माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "बसवंतराव, मानलं तुम्हाला! काय पारखी नजर आहे तुमची!"

सगळी कचेरी हसली. बसवंतरावांनी मान खाली घातली. किशनरावांचा टाक कागदावर तसाच थांबला, आणि शाईचा थेंब माझ्या अंगावर पडला. मला त्या कौतुकाचा आनंद झाला नाही.

वर्षे गेली. बसवंतरावांच्या दोन्ही लेकी सासरी गेल्या. माझ्या कडा दोघा कारकुनांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या. मग ते अठ्ठेचाळीस साल आले. गावोगावी दहशत पसरली. आज या गावात घरे जळाली, उद्या त्या गावात, अशा बातम्या येऊ लागल्या. लोक बायकामुले घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागले. किशनरावांच्या पत्नी सुमनबाई रोज म्हणत होत्या, लेकरं घेऊन निघू.

एका संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर किशनराव म्हणाले, "आमी उद्या निघायलोय. तुमी बी चला."

"भागम्मा अंथरुणाला खिळलीय. तिला गाडीत घालून कुठं नेऊ? तुमी जा. लेकरं हायेत तुमची."

"अन् कचेरीत तुमचं कसं व्हायचं?"

"बगू," बसवंतराव म्हणाले.

किशनराव गेले. दुसऱ्या दिवशी व्यंकटराव घाईघाईने आले आणि त्यांनी एक कागद पुढे टाकला. "रेल्वेकडून आलंय. वाचा बरं काय म्हणतात."

बसवंतरावांनी कागद हातात घेतला. "चष्मा घरी राहिला, साहेब."

"तुम्ही चष्मा कधी लावता?"

व्यंकटरावांनी त्यांच्या हातातला कागद पाहिला. तो उलटा धरलेला होता.

"किती दिवस झाले हे?"

"मेजं घेतली त्याच्या आधीपासून."

व्यंकटरावांचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्षं मला फसवलंत?"

"कामात एक तरी चूक सापडली का, साहेब?"

"तो प्रश्न नाही! आंधळा कारकून ठेवला म्हणून लोक मला हसतील. उद्यापासून येऊ नका."

बसवंतराव उठले. माझ्याभोवती ते नेहमी सहज वळत, पण त्या दिवशी त्यांना वाट सुचेना. उंबऱ्याला ठेच लागून ते पडता पडता वाचले. सगळे कारकून बघत राहिले. नोकरी जाण्याची भीती सगळ्यांनाच होती. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण त्या वेळी मला एक पाऊलही टाकता आले नाही.

सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले. लोकांनी गुलाल उधळला. थंडी पडल्यावर किशनराव वऱ्हाडातून परतले. त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली आणि सगळी हकीकत ऐकली. बसवंतराव आपल्या गावी, बोरीला निघून गेले होते. दरम्यान कचेरीतल्या कामाचा पुरता घोळ झाला होता. व्यंकटराव ओशाळून म्हणाले, "बोरीला जा. म्हणावं, मी बोलावलंय. वाचायला तुम्ही बसाच त्यांच्याजवळ."

किशनराव बोरीला गेले आणि एकटेच परत आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी मॅनेजरांना सांगितले. "भागम्मा गेल्या, साहेब. भाद्रपदात. बसवंतराव भावाच्या ओसरीवर बसून असतात. मी लय विनवलं. म्हणाले, 'लोक माझ्याकडं कसं बगायलेत ते मला दिसत न्हाई, किशनराव. पण त्या दिवशी कळलं. आता त्या कचेरीत पाय टाकवत न्हाई.'"

व्यंकटराव त्या रिकाम्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "हाकलायच्या आधी मी नुसतं विचारायला पाहिजे होतं, इतकी वर्षं कसं जमवलंत म्हणून."

पुढे लोखंडी मेजे आली आणि मला वखारीत हलवले. छप्पर गळते, माझी एक बाजू भिजते. कुणी मला जरा कोरड्यात सरकवले तर बरे वाटेल, एवढेच माझे मागणे. पण मित्रांनो, माझे राहू द्या. मी लाकूड आहे, कुठेही पडून राहीन. तुम्ही कुणाला त्याच्या जागेवरून उठवाल, तेव्हा आधी त्याच्यासमोर बसा आणि त्याचे म्हणणे ऐका. उठवलेला माणूस बोलावल्यावर परत येतोच असे नाही.