फ्यूज कुठे बसतो

धाकटा दीर दुकानाची पायरी चढला तेव्हा वहिनी एका टेम्पोच्या बॅटरीचे नट आवळत होती. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. तिने मान वर केली नाही.

"वहिनी, एक काम अडलंय."

काय अडलंय ते तिच्या कानावर आलं होतं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या चार फिरत्या दवाखान्यांचं काम त्याने घेतलं होतं. लशींचा फ्रीज, दिवे, पंखा आणि त्यांच्यासाठी वेगळी दुसरी बॅटरी. चारही गाड्यांत ही बॅटरी दुपारपर्यंत मान टाकत होती.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या जुन्या गाडीत यानेच फ्रीजची तार बॅटरीला थेट जोडली होती, मध्ये फ्यूज न घालता. तार पत्र्याला घासली, गाडी पेटली, ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. आणि हा कानांवर हात ठेवून मोकळा झाला, "ते काम वहिनीचं." नवऱ्याने भावाचाच शब्द खरा मानला. तिचं घरच्या गॅरेजातलं काम सुटलं, घरही सुटलं. बाजारात तिचं नाव पडलं, जाळवाली.

"करते," ती म्हणाली. "पण गाड्या ताब्यात देताना मी समोर असेन."

त्याने घाईघाईने मान डोलावली.

दोष तिला तासाभरात सापडला. दिराने दुसरी बॅटरी नुसत्या रिलेवरून, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या साध्या खटक्यावरून, इंजिनाला जोडली होती. नव्या गाड्यांचं इंजिन थोडं चार्ज देऊन हात आखडता घेतं, त्यामुळे बॅटरी कायम अर्धपोटी. तिने मध्ये तीन टप्प्यांचा चार्जर बसवला, जाड तार ओढली, फ्यूज घातले.

शेवटच्या गाडीत बॅटरीचा प्रकार ठरवणारा चार्जरचा बारीक खटका तिच्या बोटाखाली आला. तो चुकीच्या खुणेवर सरकवला असता तर बॅटऱ्या आतल्या आत उकळून चार महिन्यांत संपल्या असत्या आणि दीर तोंडघशी पडला असता. बोट तिथे बराच वेळ राहिलं. पण मग लशी नासतील, आणि पुन्हा तिच्याच नावाने बोंब होईल. शिवाय तो पडताना तिला समोर बघायचा होता. तिने खटका बरोबर जागी लावला.

गाड्या न्यायला डॉक्टरीणबाई घरच्या गॅरेजात आल्या, सोबत तो ड्रायव्हर. दिराने छाती फुगवून बॉनेट उघडलं.

"भाऊजी, बाईंना जरा समजावून सांगा ना," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "चार्जरचे तीन टप्पे कोणते?"

"म्हणजे... चार्ज होतं. मग... पूर्ण होतं."

"आधी जोरात भरायचं. मग दाब तोच ठेवायचा, करंट आपोआप उतरत जातो. भरली की नुसती टिकवायची. बरं, हे राहू द्या. फ्यूज कुठे बसतो?"

"बॅटरीजवळ," दीर पटकन म्हणाला. एवढं तरी येतंय म्हणून त्याला हायसं वाटलं.

"का?"

"तार घासली तर आधी फ्यूज उडावा, नाहीतर गाडी पेट..." तो थांबला.

"मग त्या गाडीत का नाही घातलात?"

"घाई होती, वहिनी. मी म्हटलं, नंतर—"

ड्रायव्हरने आपले सुरकुतलेले पंजे बॉनेटच्या कडेवर ठेवले आणि दिराकडे बघत राहिला. दीर त्या हातांकडे बघू शकेना. डॉक्टरीणबाईंनी किल्ल्या त्याच्या हातून घेतल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "यापुढे गाड्या तुमच्याकडेच येतील."

नवरा दाराशी उभा होता. सगळं ऐकून तो तिच्यामागे रस्त्यापर्यंत आला.

"माझं चुकलं. घरी चल."

"तुम्ही तेव्हा मला एक प्रश्नही विचारला नाहीत," ती म्हणाली. "मी आज एवढे विचारले."

तो आणखी काही बोलणार होता, पण ती चालू लागली. दुकानात येऊन तिने डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी भरपेट जेवली. दिराचं ते पांढरं पडलेलं तोंड तिला घासागणिक आठवत होतं, आणि एकदाही तिला त्याची दया आली नाही.