सदाशिवरावांची तिरडी

राळेगावच्या पुढच्या एका गावात कोणी वारलं की पहिला निरोप सदाशिवरावांकडे जायचा. नातेवाईकांना फोन नंतर. सदाशिवराव जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. कोयता आणि सुतळीची पिशवी घेऊन निघायचे. कुणबी असो, बौद्ध असो की तांड्यावरचा बंजारा, तिरडी त्यांच्याच हातची. परत आले की आंघोळ करायचे आणि नात प्रेरणाची वेणी घालायचे. ती दर वेळी कुरकुरायची, "आबा, दुखते ना."

आपल्याही गावात असा एखादा माणूस असेल. तो आहे म्हणून आपण निश्चिंत असतो.

एका सकाळी सदाशिवराव स्वतःच गेले. चहा मागितला आणि तो यायच्या आत मान टाकली.

अंगण माणसांनी भरलं. हिरवे बांबू आले. सगळे त्या बांबूंकडे पाहत उभे राहिले.

"बांधा ना गा," कोणीतरी म्हणालं.

"मले कुठं येते? काकाजीच बांधत."

शेवटी दोघातिघांनी बांधली. उचलून पाहिली तर मधल्या कमच्या, म्हणजे बांबूच्या आडव्या पट्ट्या, सरकल्या आणि तिरडी पोटात खचली. एका कोपऱ्यात काही जण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर काय लिहायचं यावर वाद घालत होते. 'समाजभूषण' की 'जनसेवक'?

सदाशिवरावांचा मुलगा अमर यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या कारखान्यात कामाला होता. तो आईजवळ, तानाबाईंजवळ आला. "यवतमाळवरून गाडी बोलावतो, आई. इथं कोणाच्यानं होत नाही."

तानाबाई उठून दारात आल्या. "गाडी काहून? यायनं साऱ्या गावाले खांद्यावर पोचवलं, अन् हे भाड्याच्या गाडीत जातीन?"

"काकू, जमूनच नाही राह्यलं," तांड्यावरचा लालसिंग म्हणाला.

"लालसिंग, तुह्या बापाची तिरडी कोणं बांधली?"

"काकाजीनंच."

"तू कुठं होता?"

"इथंच. बाजूले उभा होतो."

"डोळे मिटून उभा होता काय?" लालसिंगने मान खाली घातली. तानाबाई सगळ्यांकडे वळल्या. "तुम्ही सारेच उभे होते. काकाजी लय मोठा माणूस, म्हणत होते. मोठा म्हणता म्हणता सारं त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकून मोकळे झाले. आता आठवा. ज्याले जेवढं आठवते तेवढं सांगा."



"सुतळी आधी भिजवत होते," लालसिंग हळूच म्हणाला. अमरच्या बायकोने पाण्याची बादली आणली.

"माह्या आईच्या वेळी दोन कमच्यायच्या मधात एक वीत सोडली होती," जमलेल्यांतला अश्वजित म्हणाला. "मी पाह्यलं." तो खाली बसला आणि वितीने अंतर मोजू लागला.

डोक्याकडच्या बाजूला सुतळी दुहेरी बांधायची, हे एका म्हाताऱ्याला आठवलं. पहिली गाठ बसली तसा अमर पुढे आला.

"गाठ खालून मारा," तो म्हणाला. "वर असली तर पाठीले रुतते, म्हणत होते बाबा."

मेलेल्याच्या पाठीला काय रुतणार, हे कोणी विचारलं नाही. अमरने सुतळी हातात घेतली. त्याला नीट दिसत नव्हतं, तरी तो बांधत राहिला.

तिरडी थोडी तिरपी झाली, पण उचलल्यावर टिकली. तानाबाईंनी हाताने दाबून पाहिली. "ते असते तर सोडून पुन्हा बांधली असती," त्या म्हणाल्या. "पण चालते."

स्मशानातून परतल्यावर फ्लेक्सचा विषय पुन्हा निघाला. अश्वजित म्हणाला, "फ्लेक्स राहू द्या. त्यायचा कोयता अन् सुतळी समाजमंदिरात टांगू. दर घरच्या एकानं तरी शिकाचं." या वेळी कोणी वाद घातला नाही.

चांगला माणूस गेल्यावर त्याला मोठं म्हणणं सोपं असतं. त्याच्या हातातलं काम तो असतानाच थोडं थोडं आपल्या हातात घ्यायला हवं. नाहीतर त्याची सेवा त्याच्यासोबतच जाते आणि गाव बांबूंकडे पाहत उभं राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा रिबीन घेऊन अंगणात उभी होती. अमरची बोटं सुतळीने कापली होती. त्याने तिला समोर बसवलं आणि केसांचे तीन पेड केले. वेणी सैल झाली.

"बाबा, घट्ट," ती म्हणाली.

अमरने वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.