काकांचा नंबर

दाढेच्या कळांनी शिंपीकाकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण आतल्या यंत्राची घरघर ऐकताच त्यांची पाचावर धारण बसली. नंबर पुकारल्यावर त्यांनी तो शेजारच्या अनोळखी आजोबांना देऊन टाकला. आजोबा भारावले आणि त्यांनी तो रडून दमलेल्या पोराच्या आईला दिला. ती आणखीच भारावली.

"पोर आत्ताच झोपलंय," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आधी ह्या काकांना घ्या. गाल केवढा सुजलाय, तरी दुसऱ्याला पुढे सोडतात."

आजोबांनी हाताला धरून त्यांना खुर्चीपर्यंत पोचवलं. दातओठ खावेत तर काकांना तीही सोय नव्हती.

"लोकांना नको तिथे चांगलं वागायची हौस," ते चरफडले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र उचललं. "शाब्बास. तोंड असंच उघडं ठेवा."